बी ते बरणी: पुण्यात राहून घाण्यावरचं तेल काढून घेताना

एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. तेल काढून घ्यायचं मनात आलं की आधी हा आकडा पाठ करावा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो. समजा दाणे १२० रुपये किलो आहेत. अडीच किलोचे ३०० झाले. घाण्याची मजुरी किलोला २० रुपये धरली तर आणखी ५०. उरलेली दीडेक किलो पेंड ४० रुपये किलोने गेली तर ६० परत. म्हणजे लिटर पडलं २९० रुपयांना. भाव बदलतात, आकडे ज्याने त्याने आपापले घालावेत. पण 'लाकडी घाण्याचं शुद्ध तेल' या हिशोबापेक्षा बरंच स्वस्त मिळत असेल, तर दाणे कोणत्या प्रतीचे होते आणि त्यात दुसरं कुठलं तेल मिसळलंय का, हे विचारायलाच हवं.

मी बिबवेवाडीत राहते. मार्केट यार्डाचा भुसार बाजार हाकेच्या अंतरावर, आणि गेल्या काही वर्षांत कोथरूडपासून सिंहगड रस्त्यापर्यंत जिकडे तिकडे लाकडी घाण्याच्या पाट्या लागल्या आहेत. आमच्या घरचं वर्षाचं तेल सहा वर्षांपासून मी स्वतः बी आणून काढून घेते. पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने दहा किलो दाणे थेट पोत्यातून घाण्यात ओतले. निवडले नाहीत, वाळवले नाहीत. तेल निघालं, पण महिन्याभरात खवट वास यायला लागला आणि अर्ध्याहून जास्त दिव्यात जाळावं लागलं. सासूबाई बार्शीच्या, त्यांच्या माहेरी करडईचा घाणा चालायचा. त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं त्यावरच हा सगळा लेख उभा आहे: तेल घाण्यात निघतं, पण ते चांगलं होणार की वाईट, हे सुपात ठरतं.

बियाणं कोणतं, तेल किती

शेंगदाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेल असतं. घाण्यात ते सगळं निघत नाही. पेंडीत साधारण १० ते १२ टक्के तेल राहतंच. दहा किलो दाण्यांत पावणेपाच किलो तेल आहे असं धरलं तर सहा-एकशे ग्रॅम पेंडीत अडकतं, थोडं गाळात जातं, आणि हातात चार ते सव्वाचार लिटर येतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेलाचं वजन ९१०-९२० ग्रॅमच भरतं. किलो आणि लिटर यांत गल्लत करू नका, घाण्यावरची निम्मी भांडणं त्यातून होतात.

तिळाचं गणित शेंगदाण्यासारखंच. सुकं खोबरं सगळ्यांत उदार: ६० ते ६५ टक्के तेल, पावणेदोन-दोन किलोत लिटर. जवस, कारळे, मोहरी, सूर्यफूल यांत ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणून लिटरला तीन-साडेतीन किलो लागतात.

करडईबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. हे आपल्या मातीतलं पीक. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला, पाऊस गेल्यावर जमिनीतल्या ओलीवर ते येतं. कोवळं असताना त्याची भाजी करतात, मोठं झालं की अंगभर काटे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या करडईचे वाण काढले, ते काढणीच्या या त्रासामुळेच. दाण्याचं टरफल जाड असल्यामुळे तेल ३० टक्क्यांच्या आगेमागेच असतं आणि लिटरला साडेतीन-चार किलो करडई लागते. ज्यांना शेंगदाणा तेलाचा वास जड वाटतो त्यांनी हे तेल एकदा करून बघावं. भाजीत ते स्वतःचं काही बोलत नाही, भाजीला बोलू देतं.

सोयाबीन (१८ ते २० टक्के) आणि सरकी यांच्या वाटेला घाण्यावर जाऊ नये. एवढं कमी तेल दाबून काढणं परवडत नाही. कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावणात ते विरघळवून घेतात, मग द्रावण उडवून लावतात. तिथे पेंडीत एक टक्काही तेल उरत नाही. नंतर तेलाचा रंग काढतात, वास काढतात, त्यासाठी ते २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. रिफाइंड तेल म्हणजे विष, असं मी म्हणणार नाही. पण त्यात त्या बियाण्याचा वास आणि चव उरलेली नसते, हे खरं.

केव्हा आणायचं

पावसाळ्यात तेल काढू नका. हवेतला दमटपणा दाण्यात शिरतो, वाळवायला ऊन नसतं, आणि बुरशीला तोच हंगाम मानवतो. खरिपाची भुईमूग शेंग सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, ती वाळून बाजारात येईपर्यंत दिवाळी झालेली असते. तीळही त्याच सुमाराचे. कारळे त्याच्यामागून. करडई आणि जवस फेब्रुवारी-मार्चमध्ये. उन्हाळी भुईमूग मे महिन्यात येतो, पण तो धरायचा तर पाऊस दाराशी यायच्या आत काम उरकायला हवं. मी शेंगदाणा आणि तीळ डिसेंबरात काढून घेते, करडई मार्चअखेर.

मार्केट यार्डात घाऊक घ्यायचं तर मोठं पोतं घ्यावं लागतं. दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर सोपं पडतं. किरकोळीला भवानी पेठ, नाना पेठेतली भुसाराची दुकानं आहेतच. मूठभर नमुना घरी आणून बघा, मग सौदा करा.

सूप, चाळणी आणि ऊन

हे काम दोन दिवसांचं आहे आणि त्यात कुठेही घाई चालत नाही.

दाणे पांढऱ्या चादरीवर पसरा. हिरवट-पिवळसर बुरशी धरलेला, काळवंडलेला, सुरकुतलेला, आतून पोकळ झालेला प्रत्येक दाणा बाहेर. शेंगदाण्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक असतं, आणि भाजून किंवा तळून ते पूर्ण जात नाही. त्याचा बराचसा भाग पेंडीत उतरतो, पण न शुद्ध केलेल्या घाण्याच्या तेलातही काही येतोच. म्हणून खराब दाणा 'एखाद-दुसऱ्याने काय होतंय' म्हणून आत ढकलू नका. तो गुरांनाही घालू नका. गाईच्या पोटात गेलेल्या या विषाचं रूप तिच्या दुधात उतरतं. सरळ कचऱ्यात टाका. दहा किलोमागे माझे दोनशे ते चारशे ग्रॅम असे जातात. पहिल्या वर्षी हेच मी घाण्यात घातले होते.

मोहरी काढून घेणार असाल तर डोळ्यांत तेल घालून निवडा. पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखंच काळं आणि बारीक असतं. १९९८ साली दिल्लीत त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि अंगावर सूज येऊन माणसं दगावली. म्हणून पुण्यात मोहरीचं तेल काढून घेणाऱ्यांना मी खात्रीचा शेतकरी माहीत असेल तरच हो म्हणते.

तीळ, जवस, कारळे यांत माती आणि बारीक खडे असतात. आधी चाळा, मग पाखडा. सासूबाई पाखडतात तेव्हा सूप असं तिरकं धरतात की खडा मागे राहतो आणि फोलपट पुढून उडतं. मला अजून ते तितकं जमत नाही, मी बारीक चाळणीने दोनदा चाळून तेच काम करते. तीळ धुतले तर मात्र पूर्ण वाळवा, अर्धवट ओले तीळ घाण्यात लगदा करतात.

मग ऊन. गच्चीवर दोन दिवस, सकाळी दहा ते चार, पातळ थर, दर तासाला हात फिरवायचा. चार वाजता गोळा करून आत, कारण डिसेंबरातल्या पुण्यात संध्याकाळनंतर दव धरतं. दाणा वाळला की नाही हे कळायला यंत्र नको. दोन बोटांत दाबला की टचकन दुभंगला पाहिजे, साल चोळल्यावर सुटली पाहिजे आणि चावल्यावर कुरकुरीत लागला पाहिजे. लवचिक वाटला तर आणखी एक दिवस. उन्हातून आणलेला दाणा रात्रभर गार होऊ द्या, मगच पिशवीत भरा. गरम भरला तर पिशवीत घाम धरतो.

भाजायचे का? नको. भाजल्याने तेल जरा सहज सुटतं आणि वास खमंग येतो, पण ते लवकर खवट होतं असा माझा अनुभव आहे. म्हणून तर या तेलाला कच्च्या घाणीचं तेल म्हणतात.

घाण्यावर

आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. स्वतःचं बी आणलं तर काढून देता का, एका वेळी कमीत कमी किती लागतं, आणि पेंड कोणाची? बहुतेक ठिकाणी आठ-दहा किलोंच्या खाली घाणा लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कमी बी असलं की उखळीत दाब धरत नाही.

घाणा म्हणजे लाकडाची उखळ आणि तिच्यात तिरका दाबलेला लाकडी दांडा, त्याला लाट म्हणतात. लाकूड बाभळीचं किंवा चिंचेचं, घट्ट आणि चिवट. जुन्या काळी बैल फिरायचा आणि त्याच्याबरोबर लाट, मिनिटाला दोन-तीन फेरे. आताच्या विजेवरच्या घाण्यात बहुधा लाट जागेवर आणि उखळच फिरते, मिनिटाला बारा-पंधरा फेऱ्यांच्या आसपास. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तिथे मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी जुन्या घाणीत सुधारणा करून 'वर्धा घाणी' उभी केली. एका खेपेत जास्त बी, बैलाला कमी ओढ आणि तेलाचा उतारा जास्त, हा त्यामागचा विचार. तत्त्व तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: रगडणं आणि दाबणं एकाच वेळी, हळूहळू, फार न तापवता.

बी ओतल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त भरड होते. तेल दिसत नाही म्हणून घाबरू नका. मग घाणेवाले काका मुठीने थोडं कोमट पाणी शिंपडतात. तेल काढताना पाणी घालतात हे बघून मी पहिल्यांदा जवळजवळ भांडलेच होते. पण त्याशिवाय काम होत नाही. दाण्याच्या पेशीत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि प्रत्येकाभोवती प्रथिनाचं पातळ वेष्टन. जरा ओल लागली की ते मऊ पडतं, भरड एकमेकांना धरून गोळा होते आणि तेल त्यातून सुटून बाहेर येतं. पाणी किती, हे बी किती कोरडं आहे त्यावर ठरतं आणि ते हाताला कळतं. कमी पडलं तर भरड पिठासारखी फिरत राहते, जास्त झालं तर तेल दुधाळ होतं आणि पुढे टिकत नाही. एकदम ओतताना दिसलं तर थांबवा. दोन-तीन वेळा, थोडं थोडं, हीच रीत.

साधारण पाऊण तासात एक घाणा उतरतो. (भज्यांच्या एका खेपेला आपण घाणा म्हणतो, तोही हाच शब्द.) तेवढा वेळ तिथेच उभं राहा. काकांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपलं बी कसं वागतंय हे बघितल्याशिवाय पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते कळत नाही म्हणून. निघणाऱ्या तेलात बोट घालून बघा: कोमट असावं. हाताला चटका बसला तर तो घाणा जोरात पळवलाय.

दोन गोष्टी जाण्याआधी ठरवून ठेवा. तुमच्या आधी कोणतं बी घातलं होतं, हे विचारा. तिळाच्या मागे शेंगदाणा चालतो, मोहरीच्या मागे चालत नाही, वास उतरतो. आणि सकाळचा पहिला घाणा शक्यतो घेऊ नका. कोरडं लाकूड पहिलं थोडं तेल पिऊन टाकतं.

घरचं छोटं यंत्र

आता स्वयंपाकाच्या ओट्यावर बसणारी विजेची यंत्रं मिळतात. आत लोखंडी मळसूत्र फिरतं, बी पुढे ढकलत दाबतं, एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने पेंडीच्या चिपट्या. आठवड्याला पाव लिटर ताजं जवसाचं तेल हवं असेल तर याच्यासारखं सोयीचं काही नाही. घरभराच्या तळणाफोडणीला मात्र ते पुरं पडत नाही, तासन् तास उभं राहावं लागतं.

यंत्र सांगितल्याप्रमाणे आधी गरम होऊ द्या. बी हळूहळू सोडा. निव्वळ सोललेले शेंगदाणे घातले तर आत लोण्यासारखा लगदा होऊन मळसूत्र घसरतं, म्हणून साल काढू नका. त्या सालीचा चोथा पकड देतो. काम झाल्यावर मळसूत्र गरम असतानाच काढून कोरड्या ब्रशने खरडा. पाण्याने धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा जोडू नका.

मिक्सरमध्ये वाटून, फडक्यात घालून पिळून तेल काढता येतं का, असं पुष्कळ जण विचारतात. शेंगदाण्याचं येतं, पण थोडं. भाजलेले दाणे अगदी लोण्यासारखे वाटायचे, परातीत घेऊन चमचा-चमचा गरम पाणी घालत कणकेसारखे मळायचे. दहा-पंधरा मिनिटांत गोळ्याच्या कडेने तेल पाझरायला लागतं. अर्धा किलो दाण्यांतून वाटीभरही हाती लागलं तरी पुरे समजा. मुलांना दाखवायला हा प्रयोग फार छान आहे.

नारळाचं तेल मात्र घरी नक्की काढावं. पिकलेले, करवंटीत पाणी वाजणारे पाच-सहा नारळ खवा, कोमट पाण्यात वाटून घट्ट पिळून दूध काढा, चोथा पुन्हा एकदा वाटून पिळा. दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. वर घट्ट साय जमते, खाली पाणी राहतं. ते पाणी आमटीत घाला. साय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आधी बुडबुडे मोठे असतात, मग बारीक होतात, साका तळाशी तांबूस व्हायला लागतो. बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी संपलं, गॅस बंद. एक मिनिट उशीर झाला तरी करपट वास लागतो. गाळून ठेवा. डिसेंबरात पुण्याच्या सकाळी हे तेल थिजलेलंच असतं, २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं. ते शुद्ध असल्याचीही खूण नाही आणि बिघडल्याचीही नाही.

निवळू द्या

घाण्यावरून आणलेलं तेल गढूळ असतं. ते लगेच बाटल्यांत भरलं तर वर्षाची मेहनत वाया गेली. स्टीलच्या उंच डब्यात ओता, तोंडाला सुती फडकं बांधा, सावलीत ठेवा आणि चार-पाच दिवस अजिबात हलवू नका. गाद खाली बसते. मग डबा न हिंदकळता वरचं तेल दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओतून घ्या आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा. तळाचं कपभर गादीचं तेल वेगळं काढा, ते सर्वांत आधी बिघडतं. आमच्याकडे त्या आठवड्यात त्या तेलाच्या फोडणीची लसणाची चटणी होते.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नका, त्या धातूने ते लवकर खवट होतं. डबा काठोकाठ भरा, आत हवा कमी राहिली पाहिजे. रोजच्या वापराची लहान बाटली वेगळी ठेवा आणि ती संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा भरा. जुन्या तेलाचा थर तसाच ठेवून वर नवीन ओतलं की नव्यालाही तोच वास लागतो.

किती टिकतं? माझ्या घरात शेंगदाणा तेल चार महिने सहज राहतं, म्हणून मी एका वेळी चार महिन्यांचंच काढते आणि उरलेले दाणे वाळवून ठेवते. तेलापेक्षा दाणा जास्त टिकतो. तीळ तेल त्याहून टिकाऊ, त्यात खवट होण्याला अटकाव करणारी स्वतःचीच द्रव्यं असतात. करडई दोन महिन्यांत संपवावी. जवसाचं तेल काळ्या बाटलीत, फ्रिजमध्ये, तीन-चार आठवडे. जुन्या अक्रोडासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला की ते खाऊ नका.

कशात काय वापरायचं

घाण्याचं तेल पहिल्यांदा तापवताना फेसाळतं. त्यात ओलीचा अंश आणि बियाण्यातली काही द्रव्यं असतात म्हणून. कढई अर्ध्याच्या खाली भरा, आच हळूहळू वाढवा, फेस बसू द्या. फोडणी, भाजी, थालीपीठ, भाकरीवरची धार यांना हे तेल उत्तम. शेंगदाण्याचं न शुद्ध केलेलं तेल १६० अंशांच्या आसपास धुरावायला लागतं, रिफाइंड २३० पर्यंत तग धरतं. म्हणून दिवाळीच्या तळणीत आच सांभाळावी लागते आणि उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नये. जवसाचं तेल तर तापवूच नका, त्यातलं ओमेगा-३ उष्णतेने बिघडतं. भाकरीबरोबर कोरड्या चटणीवर कच्चंच घ्या.

आणि एक मनापासून. घाण्याचं तेल म्हणून दोन पळ्या जास्त घालू नका. कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरीच असतात. या तेलाने सांधे बरे होतात, साखर उतरते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तसं कोणालाही सांगत नाही. चव आणि खात्री यांसाठी मी हे करते.

तीळ तेल अभ्यंगाला आणि दिव्याला. एरंडेल गव्हाला आणि तूरडाळीला चोळून ठेवलं की किडा लवकर धरत नाही, हाताला जेमतेम तेलकट लागेल इतकंच. जवसाचं तेल लाकडाला: क्रिकेटची बॅट, कुदळीचा दांडा, जुनी चौकट. हे तेल हवेत वाळून कडक थर धरतं. पण ते पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यातून उष्णता निघते आणि चुरगाळलेल्या फडक्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

न खाण्याची तेलं

पुण्याच्या रस्त्यांवर करंज आणि कडुनिंब भरपूर. उन्हाळ्यात करंजाच्या शेंगांचा खच पडतो, जून-जुलैत निंबोळ्यांचा. या दोन्हींची तेलं खाण्याची नाहीत. करंजेल दिव्याला आणि साबणाला, निंबाचं तेल झाडांवरच्या मावा-पिठ्या ढेकणाला. खाण्याच्या घाण्यात हे बी कधीही घालू नका आणि घालून देणाऱ्या घाण्यावर स्वतःचे दाणे नेऊ नका.

गच्चीतल्या कुंड्यांसाठी तर तेल काढायचीही गरज नाही. पिकलेल्या निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवा. ५० ग्रॅम भरडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून थोडं साबणाचं पाणी घाला, संध्याकाळी फवारा. शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच.

एरंडाच्या बिया मात्र घरात फोडू नका, मिक्सरला लावू नका. त्यात रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं, आणि मुलं किंवा कुत्रं-मांजर त्याच्या आसपास असलं तर धोका फार मोठा. एरंडेल विकतच आणा.

पेंड

घाण्याची शेंगदाणा पेंड टाकाऊ नाही. दाणे नीट निवडलेले असतील तर ती माणसानेही खावी: तव्यावर कोरडी भाजून, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून कुटली की दाण्याच्या कुटापेक्षा हलकी चटणी होते. आमटीला दाटपणा यायला मूठभर घालता येते. उरलेली गोठ्यात किंवा कुंडीत. कुंडीत थेट घातली तर बुरशी धरते आणि मुंग्या येतात. पाण्यात तीन दिवस कुजवून, दहापट पाणी घालून द्या. पेंड ओलसर असते, घरी आणल्याबरोबर एक दिवस ऊन दाखवा. बंद डब्यात तशीच ठेवली तर तिसऱ्या दिवशी बुरशी.

एक शेवटची सूचना, ज्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागणी येईल त्यांच्यासाठी. खाद्यतेल सुटं विकायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. विकायचं तर परवाना, बंद पॅकिंग आणि लेबल लागतं. तोवर सोसायटीतल्या चार घरांनी बी एकत्र आणावं, चादर एकत्र पसरावी, आणि ज्याचा घाणा त्याने आपल्या डब्यात भरून न्यावा. आमच्या इमारतीत आता पाच घरं अशी आहेत. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी गच्चीवर दाणे पसरलेले असतात आणि सासूबाई खुर्ची टाकून सगळ्यांचे दाणे तपासत असतात.